‘ऱ’ या अक्षराचा संगणकीय क्रमांक आणि जुन्या कागदांच्या नकला

मराठी लेखनांत रकार पुढील व्यंजनास जोडला म्हणजे त्याचीं दोन रूपें संभवतात. पहिलें रूप रफाराचें. तो पुढील अक्षराच्या माथ्यावर चढतो. दुसरें रूप पुढील अक्षराच्या डाव्या अंगास लहानशा वक्र रेघेनें दाखवितात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोल जागा, हा भेद प्रत्येक मराठी वाचकास ठाऊक आहे. ‘आचार्यास पांच रुपये’ आणि ‘आचाऱ्यास पांच रुपये’ अशा दोन नोंदी एकाच जमाखर्चांत आढळल्या, तर रक्कम तीच, परंतु घेणारा एक जण पाटावर बसलेला आणि दुसरा चुलीपाशीं, इतका फरक त्या एका रेघेनें पडतो. उच्चारांतही भेद आहे. रफार असतां मागील अक्षरावर आघात येऊन तें गुरु होतें. दुसऱ्या रूपांत आघात येत नाहीं. म्हणूनच ‘दर्या’ यांतील ‘द’ वृत्तांत गुरु, व ‘दऱ्या’ यांतील लघु.

हें दुसरें रूप मराठींत क्वचित् येणारें आहे असें कोणीं समजूं नये. दरी, वारा, आचारी, शेतकरी अशा शब्दांना विभक्ति किंवा अनेकवचन लागलें कीं तें आलेंच. शेतकऱ्यांस, गांवकऱ्यांनीं, जहागिऱ्या, जमीनदाऱ्या हीं रूपें आमच्या भागांतील कागदांत पावलोपावलीं भेटतात. वऱ्हाड, कऱ्हाड, बऱ्हाणपूर हीं स्थलनामें, आणि गुऱ्हाळ, कुऱ्हाड, तऱ्हा हे शब्द त्याच्यावांचून लिहितांच येत नाहींत. ‘ऱ्हस्व’ आणि ‘ऱ्हास’ यांत तर तें शब्दाच्या आरंभींच बसलें आहे.

दप्तरांच्या नकला हातानें होत होत्या तोंवर या चिन्हासंबंधीं कांहीं प्रश्न नव्हता. छापखान्यांतही नव्हता. शिशाच्या खिळ्यास आकार असतो, नांव नसतें. जुळाऱ्यानें योग्य तो खिळा उचलून ओळींत बसविला कीं काम झालें. तो खिळा रकाराचा आहे कीं अन्य कशाचा, हें वाचणाऱ्याचा डोळा ठरवी. संगणकाची गोष्ट उलट आहे. तो आकार सांठवीत नाहीं. अक्षराचा क्रमांक सांठवितो, आणि तो क्रमांक पाहून पडद्यावर आकार काढण्याचें काम टंकाकडे सोंपवितो. म्हणून ज्या चिन्हास खिळा म्हणून इतकीं वर्षें सुखानें राहतां आलें, त्यास आतां ‘तूं कोण?’ या प्रश्नाचें उत्तर द्यावें लागतें. मराठीच्या या रेघेनें जें उत्तर दिलें तें थोडें विलक्षण आहे, आणि कागद जमविणाऱ्या प्रत्येकानें तें समजून घेतलें पाहिजे असें आम्हांस वाटतें.

हिंदुस्थानांतील लिपींसाठीं संगणकाचे क्रमांक ठरविण्याचें काम १९८० नंतरच्या दशकांत सरकारी प्रयत्नानें झालें. त्या संहितेस ‘इस्की’ म्हणतात. तिची एक आवृत्ति १९८८ सालची, आणि भारतीय मानक ब्यूरोनें आय्. एस्. १३१९४ या अंकाखालीं प्रसिद्ध केलेली १९९१ सालची. सर्व ब्राह्मीजन्य लिपींचा वर्णक्रम मूलतः एकच, तेव्हां एकाच सांच्यांत सर्व बसवाव्या, अशी तिच्या कर्त्यांची कल्पना होती. याच सुमारास सर्व जगांतील लिपींना एकत्र क्रमांक देणाऱ्या ‘यूनिकोड’ या संहितेचा पहिला खंड १९९१ सालीं निघाला. तिनें १९८८ च्या इस्कीची मांडणी जवळजवळ तशीच उचलली व प्रत्येक लिपीस १२८ खोल्यांचा एकेक वाडा बांधून दिला. देवनागरीचा वाडा २३०४ या क्रमांकापासून सुरू होतो, तमिळचा २९४४ पासून, तेलुगूचा ३०७२ पासून, कानडीचा ३२०० पासून, मल्याळमचा ३३२८ पासून. (यूनिकोडाचे छापील तक्ते षोडशमानांत असतात, आम्हीं येथें सोयीसाठीं नेहमींचें दशमान घेतलें आहे.)

सांचा एकच असल्यामुळें प्रत्येक वाड्यांत त्याच अंतरावर तेंच अक्षर सांपडतें. वाड्याच्या आरंभापासून ४८ अंक पुढें गेलें कीं ‘र’, आणि ४९ अंक पुढें गेलें कीं द्राविडी भाषांतील कठोर रकार. तमिळांत तो २९९३ या क्रमांकावर, तेलुगूंत ३१२१ वर, कानडींत ३२४९ वर, मल्याळमांत ३३७७ वर. बंगाली, गुरुमुखी, गुजराथी आणि उडिया यांच्या भाषांत हा वर्ण नाहीं, म्हणून त्यांच्या वाड्यांतील ही खोली रिकामी ठेविली आहे. देवनागरीच्या वाड्यांत मात्र ती रिकामी नाहीं. तेथें २३५३ या क्रमांकावर ‘ऱ’ हें अक्षर बसविलें आहे. रकार आणि त्याखालीं टिंब. संहितेंत त्यापुढें दिलेला उपयोग असा, कीं द्राविडी भाषांतील या वर्णाचें नागरी लिप्यंतर करतां यावें.

आतां मराठीची रेघ कोठें गेली? तिला स्वतःची खोली मिळाली नाहीं. इस्कीच्या कर्त्यांनीं असा नियम केला, कीं २३५३ चा हा द्राविडी ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडला, म्हणजे त्यापुढें २३८१ हें हलन्ताचें चिन्ह दिलें, कीं त्याचें जें अर्धें रूप होईल तें मराठीच्या रेघेसारखें काढावें. यूनिकोडानें हाच नियम पत्करला. मराठी व नेवारी यांच्या लेखनांत हें रूप नेहमीं लागतें असेंही तेथें म्हटलें आहे. नेपाळींतही तें सर्रास येतें. नियमाचें कारण कोठें सांगितलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं, पण तर्क करणें कठीण नाहीं. द्राविडी रकाराचें नागरी अर्धें रूप पूर्वीं कोणास फारसें लागलेलें नव्हतें, तें मोकळें होतें. इकडे मराठीच्या रेघेस घर नव्हतें. दोघांची सोयरीक जुळविण्यांत आली. भाषाशास्त्राच्या दृष्टीनें या दोघांचें गोत्र भिन्न आहे हें खरें. मराठीचा ‘ऱ्’ हा साधाच रकार असून केवळ आघात न घेणारा आहे. द्राविडी ‘ऱ’ हा निराळा वर्ण आहे.

निलंग्याच्या बाजूस कागद व शिळालेख गोळा करणाऱ्यास ही सोयरीक इतरांपेक्षां अधिक जाणवते. निलंगा तालुका १९५६ पर्यंत निजामच्या राज्यांतील व पुढें हैदराबाद राज्यांतील बिदर जिल्ह्यांत होता. राज्यपुनर्रचनेच्या वेळीं अहमदपूर व उदगीर या तालुक्यांबरोबर तो मुंबई राज्यांत आला, उस्मानाबाद जिल्ह्यांत राहिला, आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यांत आहे. चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचें बसवकल्याण, येथून जवळच. त्यामुळें येथें एकाच संशोधकाच्या वहींत तीन प्रकारचें साहित्य येऊं शकतें: चालुक्यकालीन कानडी लेखांचीं वाचनें, मोडींतील देशमुखी-देशपांडेपणाचे व कुळकर्णाचे कागद, आणि निजामशाही अंमलांतील फारसी व उर्दू सनदा. एका वहींत तीन भाषा, आणि तिन्हींचें लिप्यंतर नागरींत.

जुन्या कानडींत ‘ऱ’ जिवंत होता. त्यास शकटरेफ म्हणतात. ‘अरि’ म्हणजे शत्रु, पण ‘अऱि’ म्हणजे जाणणें. ‘आऱु’ म्हणजे सहा आणि ‘नूऱु’ म्हणजे शंभर. पुढें कानडींत हा वर्ण साध्या रकारांत मिसळून गेला. अर्थात् एखाद्या लेखांत शकटरेफ बरोबर पाळला आहे कीं त्याच्या जागीं साधा रकार आला आहे, हें त्या लेखाचा काळ अजमावतांना उपयोगी पडणारें एक गमक आहे. असा लेख नागरींत उतरवावयाचा तर २३५३ हाच क्रमांक वापरावा लागणार. तो त्यासाठींच आहे. आणि त्याच वहीच्या पुढच्या पानावर ‘शेतकऱ्यांस’ हा शब्द आला, तर तेथेंही २३५३ च. संगणकास विचारलें, ‘माझ्या वहींत शकटरेफ किती?’, तर तो शेतकऱ्यांनाही त्यांत मोजील. मात्र ही अडचण आम्हीं फार मोठी मानीत नाहीं. कानडींत हें अक्षर बहुधा स्वरासह पूर्ण येतें. मराठींत तें नेहमीं पाय मोडलेलें, आणि बहुतेक ‘य’ किंवा ‘ह’ यांच्या आधीं असतें. एवढ्या खुणेनें दोन्ही निवडतां येतात. शिवाय कानडी लेखाचें मुख्य वाचन कानडी अक्षरांतच, ३२४९ हा त्याचा स्वतःचा क्रमांक वापरून ठेवावें व नागरी वाचन दुय्यम समजावें, हें अधिक प्रशस्त.

खरी अडचण दुसरीकडे आहे. एकाच रेघेस संगणकांत लिहिण्याच्या तीन रीति होऊन बसल्या आहेत, आणि तिन्हींचें रूप पडद्यावर व कागदावर सारखेंच दिसतें.

पहिली रीति वर सांगितलेली: २३५३ व त्यापुढें हलन्त २३८१. दुसरीत ‘ऱ’ फोडून लिहितात: साधा ‘र’ २३५२, त्याखालचें टिंब म्हणजे नुक्ता २३६४, मग हलन्त. या दोन रीति यूनिकोडाच्या मतें सर्वथा समान आहेत, आणि नीट रचलेला कोणताही कार्यक्रम एकीचें रूपांतर दुसरींत करून घेतो. तेव्हां त्यांच्याविषयीं काळजी नको. तिसरी रीति मात्र वेगळ्या कुळांतली. तींत साधा ‘र’, मग हलन्त, आणि मग ८२०५ या क्रमांकाचा एक अदृश्य जोडक घालतात. या जोडकास रुंदी नाहीं, आकार नाहीं. ‘मागील व्यंजनाचें अर्धें रूप काढ’ एवढीच सूचना तो टंकास देतो. १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीशीं मेळ रहावा म्हणून यूनिकोडानें ही रीतिही पुढें मान्य ठेविली. परंतु मान्य ठेविली, समान मानली नाहीं. ‘वऱ्हाड’ हा शब्द पहिल्या रीतीनें लिहिला तर त्याचे क्रमांक २३५७, २३५३, २३८१, २३६१, २३६६, २३३७ असे सहा होतात. तिसऱ्या रीतीनें लिहिला (‘वर्‍हाड’) तर सात होतात, आणि दुसराच क्रमांक निराळा पडतो. वाचक दोन्ही पाहून एकच शब्द वाचतो. अक्षरशः ताडून पाहणारा संगणक मात्र एक मागितला असतां दुसरा देत नाहीं.

याचा परिणाम काय होतो तें पाहावें. समजा, एका संस्थेनें आपल्या दप्तराची सूचि पहिल्या रीतीनें केली आणि दुसरीनें तिसऱ्या रीतीनें. दोन्ही सूच्या एकत्र करून कोणीं ‘बऱ्हाणपूर’ शोधलें, तर त्याच्या हातीं निम्मे कागद लागतील. उरलेले निम्मे नाहींत असें तो समजेल, कारण संगणक ‘सांपडलें नाहीं’ एवढेंच सांगतो. ‘दुसऱ्या तऱ्हेनें लिहिलेलें आहे’ असें सांगत नाहीं. कागद वाळवीनें खाल्ला तर भोंक तरी दिसतें. येथें कागद शाबूत असून सूचींतून नाहींसा होतो, आणि त्याचा कोणास पत्ताही लागत नाहीं.

तिसऱ्या रीतींत दुसरा धोका याहून वाईट आहे. जोडक अदृश्य असल्यामुळें मजकूर स्वच्छ करणारे कित्येक कार्यक्रम त्यास कचरा समजून काढून टाकतात. इंटरनेटवरील स्थलनामांच्या जुन्या नियमांतही तो असाच गाळला जात असे. नव्या नियमांत हलन्तामागून येणाऱ्या जोडकास परवानगी मिळाली. जोडक गेला कीं ‘र’, हलन्त, ‘य’ एवढें उरतें, आणि त्यावर टंक आपल्या नियमाप्रमाणें रफार चढवितो. दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्याचा आचार्य होतो. मजकूर कोठेंही फाटत नाहीं, अक्षर कोठेंही गळत नाहीं. चूक शुद्ध मराठी शब्दाचा वेष घेऊन बसते, म्हणून मुद्रितें तपासणाऱ्याच्या नजरेसही ती येत नाहीं.

पहिल्या रीतींत भेद अक्षराच्या ओळखींतच असल्यामुळें असा अपघात सहसा होत नाहीं. सहसा, एवढ्याचसाठीं म्हणतों, कीं तिलाही एक जागा दुखरी आहे, आणि ती नेमकी आमच्या भागांतील कागदांत लागते. उर्दू सनदांचें नागरी लिप्यंतर करतांना ‘ज़’, ‘फ़’, ‘ड़’ अशीं टिंबाचीं अक्षरें वापरावीं लागतात. पुढें तोच मजकूर मराठी वाचकांसाठीं छापतांना हीं टिंबें नकोशीं होतात, आणि कोणीतरी एका हुकमानें सर्व नुक्ते काढून टाकतो. मजकूर त्या वेळीं फोडलेल्या रूपांत असेल, म्हणजे ‘ऱ’ हा ‘र’ व नुक्ता असा सांठविलेला असेल, तर कागज़चा कागज होतां होतां दऱ्याचाही दर्या होतो. यास उपाय सोपा आहे: नुक्ते काढण्याचा हुकूम सर्व मजकुरास न देतां ज्या अक्षरांचे ते काढावयाचे त्यांचीं नांवें घेऊनच द्यावा.

यूनिकोडापूर्वींच्या टंकांत केलेल्या नकलांबद्दलही येथेंच दोन शब्द सांगतों. त्या काळच्या मराठी टंकांत क्रमांक अक्षराचा नसून आकाराचा असे, शिशाच्या खिळ्यासारखाच. आणि ही रेघ त्यांत एक स्वतंत्र आकार म्हणून बसविलेली असे. अशा नकला आज यूनिकोडांत उतरवून घेतात, तेव्हां उतरविणारा कार्यक्रम त्या आकारास वरील रीतींपैकीं कोणती देतो, हें आधीं एका पानावर पाहून घ्यावें. सबंध दप्तर उतरल्यावर पाहण्यांत अर्थ नाहीं.

मोडी कागदांची गोष्ट स्वतंत्र आहे. मोडी लिपीस यूनिकोडांत २०१४ सालीं, सातव्या आवृत्तींत, आपला वाडा मिळाला. त्यासाठींचा प्रस्ताव अंशुमान पांडे यांनीं २०११ सालीं मांडला होता. या वाड्यांत ७९ चिन्हें आहेत; स्वर, व्यंजनें, ‘ळ’, अंक, सर्व कांहीं आहे. ‘ऱ’ नाहीं. तो नसावा हें एका दृष्टीनें योग्यच, कारण मोडी ही द्राविडी भाषांच्या लिप्यंतरासाठीं कोणीं वापरावयास निघालेलें नव्हतें. परंतु देवनागरींत मराठीची रेघ ज्या खुंटीवर टांगली आहे, ती खुंटीच मोडींत नाहीं, असा याचा अर्थ. मोडींत हा भेद दाखवावयाचाच झाला तर क्रमांकांच्या दृष्टीनें अदृश्य जोडकावांचून दुसरें साधन दिसत नाहीं. म्हणून मोडी मजकूर मोडी क्रमांकांत भरून त्याचें बाळबोध रूप यंत्राकडून करून घ्यावें, असा जो विचार अलीकडे ऐकूं येतो, त्यांत या एका ठिकाणीं तरी मनुष्यानें थांबलें पाहिजे. यंत्रास ‘र’, हलन्त, ‘य’ दिसलें तर तें रफार देणार. तेथें आचारी आहे कीं आचार्य, दरी आहे कीं दर्या, हें मागचापुढचा मजकूर वाचणारा सांगेल. ऱ्हस्वदीर्घाचा व शब्द तोडण्याचा निर्णय मोडी वाचणारा आजवर स्वतःच करीत आला आहे. त्यांत या आणखी एका निर्णयाची भर पडते इतकेंच.

कांहीं मित्र असें सुचवितात कीं मराठीच्या या रेघेसाठीं स्वतंत्र क्रमांक मागून घ्यावा. ‘ॲ’ या अक्षरास नाहीं का २००८ सालीं २४१८ हा क्रमांक मिळाला? दोन्ही प्रकरणें सारखीं नाहींत. ‘ॲ’ लिहिण्यास पूर्वीं नीट सोय नव्हती. ‘ऱ्’ लिहिण्यास एक सोडून तीन सोयी आहेत. चौथी मिळाल्यानें पहिल्या तिन्हींत लिहिलेले कागद नाहींसे होणार नाहींत. संगणकांत मात्र शोधण्याच्या जागा तीनाच्या चार होतील. आमचें मत असें, कीं पहिली रीति, म्हणजे २३५३ व २३८१, हीच सर्व नकला करणाऱ्यांनीं धरावी. ती संहितेंत नियम म्हणून सांगितली आहे, इस्कीपासून चालत आली आहे, आणि तींत भेद सांठविणारें अक्षर डोळ्यांस दिसणारें आहे. सरकारमान्य ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकावर ती लिहिणेंही सोपें: ज्या कळीवर ‘र’ आहे तीच कळ शिफ्टसह दाबली कीं ‘ऱ’ येतो, मग हलन्ताची कळ, मग ‘य’ किंवा ‘ह’. इतर कळफलकांवर कोणती रीति निघते हें ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. ‘दऱ्या’ असें लिहावें, आणि अक्षरें शेवटाकडून एकेक करून पुसावीं. काना गेला, ‘य’ गेला, हलन्त गेला, आणि टिंबासह ‘ऱ’ उरला तर रीति पहिली. पुसतां पुसतां एखाद्या वेळीं कळ दाबूनही अक्षर गळाल्याचें दिसलें नाहीं, व शेवटीं बिनटिंबाचा ‘र’ उरला, तर जोडक लपून बसला होता असें समजावें.

ज्या नकला तिसऱ्या रीतीनें होऊन गेल्या आहेत त्या पुन्हां लिहावयास नकोत. ‘र’, हलन्त व जोडक या तीन क्रमांकांच्या ओळीस ‘ऱ’ व हलन्त या दोहोंनीं बदलावें, असा एकच हुकूम पुरतो. फक्त तो जोडक कोणीं झाडून टाकण्यापूर्वीं दिला पाहिजे. मोडी वाड्यांतील मजकुरास हा हुकूम लागू करूं नये. बदलण्याआधींची प्रत निराळी राखावी, आणि नकलेच्या पहिल्या पानावर, कागदाचा सन, मूळ मालकाचें गांव व वाचणाऱ्याचें नांव जेथें लिहितों तेथेंच, रकाराची रीति कोणती धरली तें एका ओळींत नमूद करावें.